नैरोबी ते दार-एस-सलाम: अस्करी आणि ओझेवाल्यांच्या मागावर सात दिवस

पहिल्या महायुद्धाची पूर्व आफ्रिकेतली आघाडी ऑगस्ट १९१४ मध्ये पेटली आणि युरोपात तोफा थंडावल्यावरही दोन आठवडे चालूच राहिली. एका बाजूला ब्रिटिशांची किंग्ज आफ्रिकन रायफल्स, म्हणजे केएआर. दुसऱ्या बाजूला जर्मनांची शुट्झट्रुप. दोन्हीकडचे अधिकारी गोरे आणि शिपाई आफ्रिकी. त्या शिपायाला दोन्हीकडे एकच नाव होते, अस्करी. त्याच्या मागे त्याच्या कितीतरी पट संख्येने ओझेवाले चालत होते. या वाटेवर रणांगणे सहज सापडतात, पण अस्करींच्या आणि ओझेवाल्यांच्या खुणा मुद्दाम शोधाव्या लागतात. पुढचा आराखडा त्या खुणांसाठी आहे.

जानेवारी-फेब्रुवारी हे उत्तम महिने. मार्च ते मे मोठा पाऊस असतो, तेव्हा डांबरी रस्ता सोडून टेकड्यांकडे जाणाऱ्या मातीच्या वाटांवर गाडी रुतते. भारतीय पासपोर्टवर केनियासाठी ई-टीए आणि टांझानियासाठी ई-व्हिसा, दोन्ही निघण्याआधी काढून ठेवावेत. पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातच आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची. ते पिवळे कार्ड पासपोर्टसोबत ठेवावे, कारण केनियातून टांझानियात शिरताना ते मागतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात. तावेता, मोशी आणि टांगा या तिन्ही ठिकाणी डास भरपूर.

पहिला दिवस: नैरोबी

केन्याटा अव्हेन्यूवर रस्त्याच्या कडेला एका चौथऱ्यावर तीन ब्राँझच्या आकृती उभ्या आहेत. हे १९२८ चे अस्करी स्मारक. त्यात बंदूकधारी शिपाई आहे आणि ओझेवालाही आहे. सकाळी लवकर गेले की गर्दी नसते आणि कोरलेला मजकूर नीट वाचता येतो. इंग्रजी, स्वाहिली आणि अरबी अशा तिन्ही भाषांतला तो मजकूर सावकाश वाचण्यासारखा आहे. ओझेवाल्यांना त्यात फौजेचे हातपाय म्हटले आहे, आणि शेवटी असे वचन आहे की देशासाठी लढताना मेलात तरी तुमची मुले तुमचे नाव आठवतील. चौथऱ्याला चारही बाजूंनी फेरी मारली तरी एकही नाव सापडत नाही.

हे चुकून राहून गेलेले नाही. युद्धानंतर कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या साम्राज्याच्या आयोगाने पूर्व आफ्रिकेत गोऱ्या सैनिकांना नावानिशी दगड दिले. आफ्रिकी शिपाई आणि ओझेवाले यांच्यासाठी मात्र नैरोबी, मोम्बासा आणि दार-एस-सलाम इथे मिळून तीन पुतळे पुरेसे मानले. तेव्हाच्या टांगानिकाचे, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीचे, गव्हर्नर होरेस बायट यांचे तर मत होते की ओझेवाल्यांच्या विस्तीर्ण दफनभूमी लवकरात लवकर निसर्गात मिसळून जाऊ द्याव्यात. आयोगाच्या आजच्या वारसदार संस्थेने २०२१ मध्ये स्वतःच्या चौकशी अहवालात ही विषमता कबूल केली. जगभरातले किमान १,१६,००० मृत, त्यात बहुसंख्य आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतले, नावाने नोंदले गेले नाहीत किंवा मुळीच नोंदले गेले नाहीत, असे तो अहवाल सांगतो. पुढच्या सहा दिवसांत प्रत्येक दफनभूमीत शिरताना हे मनात ठेवावे लागते.

दुपारी कारिओकोर बाजार. चामड्याच्या चपला आणि सायझलच्या टोपल्या यांसाठी लोक इथे येतात. नाव आले आहे 'कॅरिअर कोर'वरून, कारण ओझेवाल्यांच्या दलाचा तळ इथे होता. त्या काळी या भागात चलन रुपयाचेच होते, भारतीय रुपयाच्या बरोबरीचे, आणि ओझेवाल्याचा पगार रुपयांतच ठरे. पुढे तो महिना पाच-सहा रुपयांपर्यंत खाली आणला गेला. अनेकांचा तोही घरी पोचला नाही, कारण भरतीच्या वेळी नाव, गाव आणि जमात यांची नोंद धड झालीच नव्हती.

दुसरा दिवस: नैरोबी ते वोई

मोम्बासाला जाणाऱ्या नव्या रेल्वेच्या दोन प्रकारच्या गाड्या आहेत. वोईला उतरायचे तर सकाळी ८ च्या सुमारास सुटणारी, मधल्या स्थानकांवर थांबणारी गाडी घ्यायची. वेळ आदल्या दिवशी तपासून घ्यावी. नैरोबीचे स्थानक शहराबाहेर स्योकिमाऊला आहे आणि सामानाची तपासणी दोनदा होते, म्हणून एक तास आधी पोचणे आवश्यक. वोई साधारण चार तासांवर. उजव्या बाजूची खिडकी मिळाली आणि हवा स्वच्छ असली तर किलिमांजारो दिसतो.

जुनी रेल्वे याच पट्ट्यातून जाते. ती १८९६ ते १९०१ मध्ये भारतीय मजुरांनी बांधली. १९१५ मध्ये जर्मन अस्करींच्या छोट्या टोळ्या तावेताच्या बाजूने येऊन या रुळांखाली सुरुंग पेरत. पाण्याचा थेंब नसलेल्या काटेरी रानातून त्या रात्रीच्या चालत. काही टोळ्या तहानेने वाटेतच संपल्या.

वोईच्या लष्करी दफनभूमीला संध्याकाळी तासभर द्यावा. लेफ्टनंट विल्बर डार्टनेल यांची कबर इथे आहे. ३ सप्टेंबर १९१५ रोजी माकटाऊजवळ जखमी साथीदारांना सोडून जायला त्यांनी नकार दिला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. बहुतेक पाहुणे एवढे पाहून निघतात. दगडांवर केएआरचे नाव कुठे दिसले तर त्याखालचे नाव वाचून पाहावे. ते बहुधा एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याचे असते. त्याच्या हाताखालच्या अस्करीचा दगड शेजारी नसतो.

तिसरा दिवस: वोई ते तावेता, ११० किलोमीटर

सगळ्या प्रवासात सर्वाधिक वेळ या रस्त्याला द्यावा. आता पूर्ण डांबरी झाला आहे आणि न थांबता दोन तासांत संपतो, पण थांबत गेले तर अख्खा दिवस लागतो. वोईत चालकासह उंच चाकांची गाडी ठरवायची. माणशी तीन लिटर पाणी, काट्यांसाठी जाड पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेत. रस्ता त्सावो अभयारण्यातून जातो आणि अंधार पडल्यावर हत्ती डांबरावर येतात. म्हणून सूर्यास्ताच्या आत, म्हणजे साडेसहापूर्वी, तावेता गाठायचेच.

म्वाताते आणि बुरा मागे पडले की हिरवळ संपते. लष्कराला प्यायला पाणी नव्हते, म्हणून बुराच्या डोंगरातून माकटाऊपर्यंत नळ टाकला गेला. वोईहून तावेताच्या दिशेने लष्करी रेल्वेही सरकत होती. जिथे रूळ संपत तिथून पुढे सगळे माणसाच्या डोक्यावर. बैल आणि घोडे का नाहीत, याचे उत्तर त्सेत्से माशी. तिच्या चाव्याने होणाऱ्या रोगाने जनावरे काही आठवड्यांत मरत.

इथे गाडीत बसल्या बसल्या एक हिशेब करून पाहावा. ओझेवाल्याच्या डोक्यावर साधारण ५० पौंड, म्हणजे २३ किलो. त्याला स्वतःला रोज सुमारे १ किलो पीठ लागते. दिवसाला १८ किलोमीटर धरले तर वोई ते तावेता सहा दिवस, परतीचे सहा. २३ किलोंतले १२ किलो त्याच्या स्वतःच्या पोटात जातात आणि आघाडीवर ११ किलो पोचतात. हेच अंतर दुप्पट केले तर पोचत काहीच नाही, म्हणून टप्प्याटप्प्याने कोठारे आणि प्रत्येक टप्प्याला वेगळे ओझेवाले लावावे लागतात. १९१७ मध्ये युद्ध रेल्वेपासून शेकडो किलोमीटर दक्षिणेला गेले, तेव्हा या गणिताने गावेच्या गावे गिळली. त्या वर्षी केनियात सक्तीची मोठी भरती झाली. संपूर्ण मोहिमेत ब्रिटिशांच्या बाजूने सुमारे दहा लाख माणसे ओझ्याला जुंपली गेली, आणि मृतांचा अंदाज ९५,००० च्या आसपास केला जातो.

त्यांतले बहुतेक गोळीने मेले नाहीत. मोठे कारण हगवण, आणि तिच्यामागे शिधा. मक्याचे जाडेभरडे, कोंड्यासकट दळलेले पीठ मिळे. ते नीट शिजायला पाणी, सरपण, मोठे भांडे आणि अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसभर चाललेला माणूस अंधार पडल्यावर तळावर पोचे. भांडी कमी, लाकूड ओले. पीठ अर्धे कच्चेच पोटात जाई आणि आतडी सोलून काढी. युगांडातल्या ज्यांनी जन्मभर उकडलेली केळी खाल्ली होती, त्यांना हा शिधा सर्वात जास्त बाधला. थंड डोंगराळ भागातले लोक सखल भागातल्या मलेरियाने आजारी पडले, आणि पांघरायला घोंगडीही सगळ्यांना मिळाली नाही. दलाचे प्रमुख ऑस्कर वॉटकिन्स शिध्याबद्दल वरिष्ठांशी सतत भांडत राहिले. त्यांच्या तक्रारींची दखल घेतली गेली, पण फार उशिरा.

माकटाऊला भारतीय सैनिकांची छोटी दफनभूमी आहे. तिथून पुढे म्बुयुनी. या पट्ट्यात रस्त्याजवळ जुने गोरखचिंच, म्हणजे बाओबाब, आहेत. एकाच्या खोडावरची भोके गोळ्यांची आहेत आणि त्याच्या पोकळीत एक जर्मन बाई नेम धरून बसायची, असे स्थानिक वाटाडे सांगतात. ती लोककथा म्हणून ऐकावी.

तावेताच्या अलीकडे १२ किलोमीटरवर सलाइता. टेकडी बुटकी आहे, चढायला अर्धा तास पुरे. १२ फेब्रुवारी १९१६ रोजी सुमारे ६,००० जणांनी हिच्यावर हल्ला केला आणि ते मागे हटले. चूक कुठे झाली ते माथ्यावर उभे राहिले की कळते. माथ्यावरचे खंदक दुरून स्पष्ट दिसत होते, म्हणून तोफांनी त्यांनाच झोडपले. ते खंदक दाखवण्यापुरते होते. खरे खंदक पायथ्याशी, काटेरी झुडपात लपवलेले, आणि त्यांत जर्मनांचे अस्करी मशीनगन लावून बसले होते. आफ्रिकेत नुकतीच उतरलेली दक्षिण आफ्रिकी ब्रिगेड रानातल्या लढाईला अजिबात सरावलेली नव्हती आणि प्रतिहल्ल्यात तिची फळी फुटली. माघार सावरली ती १३० व्या बलुची पलटणीने. पायथ्याचे खंदक पाहायला उतरताना पूर्वेच्या बाजूने उतरावे. दगडांच्या रांगा आणि खळगे अजून ओळखू येतात. जुन्या काडतुसांच्या पुंगळ्या सापडल्या तर हात लावू नये. त्या नेणे बेकायदा आहे, आणि न फुटलेला दारूगोळा कोणता हे डोळ्यांना कळत नाही.

चौथा दिवस: लाटेमा-रेआटा, सीमा, मोशी

तावेताच्या नैऋत्येला दोन टेकड्या, लाटेमा आणि रेआटा, आणि मधून खिंड. सकाळी सातलाच निघावे, कारण दहानंतर ऊन सोसवत नाही. शेतांतून जाणाऱ्या वाटेसाठी गावातला वाटाड्या घ्यावा आणि शेतमालकाची परवानगी त्यालाच विचारायला लावावी.

११ मार्च १९१६ च्या दुपारी ३ री केएआर आणि १३० वी बलुची या चढावर पाठवल्या गेल्या. केएआरचे कमांडर लेफ्टनंट कर्नल ग्रॅहम इथेच पडले. रात्री दक्षिण आफ्रिकी पलटणींचा हल्ला अंधारात विस्कटला आणि माघारीचा हुकूम सुटला. तरी केएआर आणि ऱ्होडेशियनांच्या काही तुकड्या वरच्या धारेवर चिकटून राहिल्या. पहाटे पाहतात तो समोरचे खंदक रिकामे. जर्मन रातोरात निघून गेले होते. चढाचा उतार, सुटे दगड आणि काटे पाहिले की रात्रभर तिथे टिकून राहणे म्हणजे काय हे पायांना समजते. लढाईनंतर फौजेत अस्करींबद्दलचे मत बदलू लागले. युद्ध सुरू झाले तेव्हा केएआरच्या अवघ्या ३ पलटणी होत्या. १९१८ अखेर त्या २२ झाल्या आणि एकूण संख्या ३५,००० वर गेली. दक्षिण आफ्रिकी आणि भारतीय पलटणी मलेरियाने रिकाम्या होत गेल्या, तशी ब्रिटिशांचे सेनापती जनरल हॉस्किन्स यांनी १९१७ च्या सुरुवातीला ही वाढ जोरात पुढे रेटली. नायजेरिया आणि गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, इथल्या पलटणीही आल्या. शेवटच्या दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी मुख्यतः आफ्रिकीच लढत होते.

निष्ठेच्या कथांबद्दल इथेच एक गोष्ट सांगायला हवी. जर्मन अस्करी शेवटपर्यंत अढळ राहिले असे अनेक जुन्या वर्णनांत येते. प्रत्यक्षात बरेच जण सोडून गेले. पकडलेल्या जर्मन अस्करींमधून ब्रिटिशांनी ६ वी केएआर उभी केली. पगार, कुटुंब, गुरे आणि जिवंत राहण्याची शक्यता पाहून निर्णय घेणारी ही माणसे होती. त्यांना आंधळे निष्ठावंत म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सीमा होलिलीला. दोन्ही देशांचे शिक्के एकाच इमारतीत मिळतात. केनियातली भाड्याची गाडी पलीकडे नेण्याचे कागद आणि विमा यांत वेळ जातो. त्यापेक्षा चालत सीमा ओलांडून पलीकडची गाडी घ्यावी. सीमेवर फोटो काढू नयेत. मोशीत फक्त मुक्काम.

पाचवा दिवस: मोशी ते टांगा

साडेतीनशे किलोमीटर, बसने सहा ते सात तास. डावीकडे आधी पारे आणि मग उसांबाराचे डोंगर सोबत असतात. गावांत ताशी ५० ची मर्यादा आहे आणि पोलीस ती काटेकोर पाळायला लावतात, म्हणून जोडगाडीची वेळ घट्ट ठरवू नये. रस्त्याच्या आसपास एक मीटर रुंदीचे जुने जर्मन रूळ दिसत राहतात. नोव्हेंबर १९१४ मध्ये जर्मनांचा सेनापती लेटो-फोरबेक याने याच रुळांवरून आपल्या अस्करी कंपन्या मोशीहून टांग्याला नेल्या.

सहावा दिवस: टांगा

सकाळी रास कासोनेच्या भूशिरावरून सुरुवात करून शहराकडे चालत यायचे, म्हणजे ज्या दिशेने हल्ला झाला तीच दिशा. १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबईहून निघालेली सुमारे ८,००० जणांची फौज २ नोव्हेंबरच्या रात्रीपासून इथे उतरू लागली. त्यात शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानचे पायदळही होते. पलटणींनी एकत्र सराव केलेला नव्हता, आणि इतके दिवस जहाजात कोंबून राहिल्यावर माणसे अशक्त झाली होती. त्यातच नौदलाच्या कप्तानाने उतरण्याआधी जर्मनांना कळवले की शहरावर हल्ला न करण्याचा तह संपला. त्यांना तयारीला वेळ मिळाला. रानाची माहिती असलेल्या केएआरला या मोहिमेत घेतलेच नव्हते.

रेल्वेच्या खोदलेल्या घळीपर्यंत चालत यायला पाऊण तास लागतो. ४ नोव्हेंबरला लढाई याच पट्ट्यात तुटली. रबराची झाडे आणि उंच पिके यांतून पुढे जाताना पलटणींची रांग फाटत गेली. अस्करींनी दक्षिणेकडून बगल गाठली. मशीनगनच्या गोळ्यांनी झाडांवर टांगलेली मधाची पोकळ लाकडे फुटली आणि मधमाश्यांनी दोन्ही बाजूंना फोडून काढले. तो जर्मनांचा डाव होता ही नंतरची अफवा. सुमारे हजारभर बचावकर्त्यांपुढे ब्रिटिश बाजूचे ८४७ जण ठार वा जखमी झाले. किनाऱ्यावर सोडून दिलेल्या १६ मशीनगन, ४५५ रायफली आणि ६ लाख काडतुसे जर्मनांना आयती मिळाली. जर्मन अस्करींच्या हातात तोवर १८७१ च्या नमुन्याच्या बंदुका होत्या. काळ्या दारूचा धूर उठला की शिपाई कुठे बसला आहे ते शत्रूला लगेच दिसे. टांग्याच्या लुटीतून तीन कंपन्यांना धूर न करणाऱ्या बंदुका मिळाल्या.

शहरातली दोन स्मृतिस्थळे एकामागून एक पाहावीत. साकारानीच्या दफनभूमीत जर्मन आणि अस्करी मृत एकत्र आहेत. ब्रिटिश बाजूच्या स्मारकात भारतीय मृत आहेत. त्यानंतर जुन्या जर्मन बोमातले, म्हणजे सरकारी कचेरीच्या इमारतीतले, उरिथी संग्रहालय. संध्याकाळी टांग्यातच राहून सकाळच्या बसने दारला निघावे.

सातवा दिवस: दार-एस-सलाम

टांग्याहून निघालेली बस सेगेरा आणि चालिंझेमार्गे दुपारी पोचते. उरलेल्या वेळात तीन ठिकाणे होतात, पण क्रम चुकवू नये. आधी शहराच्या उत्तरेची युद्ध दफनभूमी, कारण तिचे फाटक संध्याकाळी बंद होते. मग समोरा अव्हेन्यूच्या चौकातला १९२७ चा अस्करी पुतळा. बंदुकीचे संगीन पुढे केलेला एकटा शिपाई, तोंड बंदराकडे. चौकातली रहदारी अखंड असते. मजकूर वाचायचा तर रविवार सकाळ बरी. मधल्या दिवसांत दोन गाड्यांच्या फटीत धावू नये, पादचारी पट्टीवरूनच जावे.

ज्यांच्याकडे आणखी चार दिवस आहेत त्यांनी दक्षिणेला लिंडीजवळचे माहिवा गाठावे. ऑक्टोबर १९१७ मध्ये तिथे चार दिवसांत ब्रिटिश बाजूचे अर्ध्याहून अधिक, सुमारे २,७०० जण पडले. त्यांत नायजेरियन आणि केएआर पलटणींचे अस्करी मोठ्या संख्येने होते. शरणागती झाली ती आणखी दूर, आजच्या झांबियात म्बाला इथे, २५ नोव्हेंबर १९१८ ला. लेटो-फोरबेकसोबत तेव्हा १५५ युरोपीय आणि १,१६८ अस्करी उरले होते.

पुण्याच्या वाचकांसाठी एक दुवा घरापाशीच आहे. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकी पलटणी ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी भारतात आल्या. भारतातच मरण पावलेल्या, आणि ज्यांच्या कबरींची निगा राखणे शक्य नव्हते अशा सुमारे २०० पूर्व व पश्चिम आफ्रिकी सैनिकांचे स्मारक खडकीच्या युद्ध दफनभूमीत आहे.

दारमध्ये शेवटी कारियाको. ओझेवाल्यांचा तळ होता ती जागा आज शहरातला सर्वात मोठा बाजार आहे. पाकीट पुढच्या खिशात, फोन आत, आणि अंधाराआधी बाहेर. मसाले, कापड, मोबाइलचे सुटे भाग, सुकी मासळी, सगळे आहे. दलाचे नाव सांगणारी पाटी शोधत बसू नये. परतीसाठी मुख्य रस्त्यावर यायचे. तिथे डालाडाला, म्हणजे छोट्या प्रवासी बस, थांबतात आणि दारात लटकलेला वाहक ओरडत असतो: कारियाको, कारियाको, कारियाको.